जुन्या कमिन्स ५.९ ला थर्मोस्टॅट कितीचा टाकू? ७१, ८२ की ८८

चिरेवाला_लांजा:
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या. टाटा १६१३ आहे, कमिन्सचं सहा सिलिंडर ५.९, जुनं इंजिन, साधा मेकॅनिकल पंप, इलेक्ट्रॉनिक काही नाही. तीन वर्षांपूर्वी कोल्हापूरकडच्या माणसाकडून घेतली. लांज्याच्या बाजूच्या खाणीवरून चिरा भरायचा, साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर, येताना सिमेंट नाहीतर पशुखाद्य, असा माझा धंदा.

दोन उन्हाळ्यांपूर्वी घाटात गायमुखाच्या आसपास काटा लालच्या जवळ जायला लागला म्हणून गावच्या मिस्त्रीला दाखवली, तर त्याने थर्मोस्टॅटच (इंजिनातलं पाणी किती गरम झाल्यावर रेडिएटरला सोडायचं ते ठरवणारा वॉल्व्ह) काढून टाकला, म्हणाला कोकणात याची गरजच नाही, हा थंड मुलखातला पार्ट आहे. पहिले आठ दिवस बरं वाटलं. आता बघतो तर वेगळंच झालंय, पावसात रिकामी गाडी हायवेला काढली की काटा तळ सोडतच नाही, सकाळी पालीपर्यंत पांढरा धूर मारते, ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधावरच्या सायीसारखं पिवळसर काहीतरी जमतं, अ‍ॅव्हरेज आधी साडेचार द्यायची ती आता चारला टेकली. आणि एवढं करून भरलेली गाडी घाटात गरम होते ती होतेच. हे मला कळत नाही, थंडही राहते आणि गरमही होते, दोन्ही कसं काय?

आता परत थर्मोस्टॅट बसवायचं ठरवलंय. जुना मिस्त्रीने कुठे टाकला पत्ता नाही. दुकानात तीन मिळाले, वर ७१, ८२ आणि ८८ असे आकडे कोरलेत. दुकानदार म्हणतो ७१ चा घे, लवकर उघडेल, गाडी थंड राहील. मुलगा म्हणतो कंपनीचा असेल तोच टाका. कुणी म्हणतं त्याला ड्रिलने दोन भोकं पाडून बसव. सोमवारी खाणीवर गाडी लावायचीय, खरं काय ते सांगा.

आबा_वर्कशॉप:
तुझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे रे, आणि ते म्हणजे काढून टाकलेला थर्मोस्टॅट. एसटीच्या वर्कशॉपात आयुष्य गेलं माझं, हा प्रकार दर उन्हाळ्यात बघितलाय.

तुमच्याकडे पोफळीची बाग असेल तर पाट बांधलेले बघितले असशील. वरच्या आळ्याचं दार उघडं राहिलं की सगळं पाणी तिथेच फिरतं, शेवटच्या माडापर्यंत पोचतच नाही. तुझ्या इंजिनात तसंच झालंय. हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, गरम पाणी बाहेर पडतं तिथे दोन वाटा आहेत, एक वरच्या हौजने (रबरी पाइपने) रेडिएटरला जाते आणि दुसरी बायपास, ती सरळ वॉटर बॉडीकडे, म्हणजे पाण्याच्या पंपाकडे परत. थर्मोस्टॅट म्हणजे नुसतं एक झाकण नाही, तो दोन्ही वाटांचा दरवान आहे. इंजिन थंड असताना रेडिएटरची वाट बंद आणि बायपास उघडा ठेवतो, आणि गरम झाला की रेडिएटर उघडता उघडता बायपास बंद करत जातो. तो काढलास म्हणजे बायपास कायमचा उघडा राहिला. पाण्याला जिथे अडथळा कमी तिथे ते जाणार, म्हणून घाटात हेडमधलं उकळतं पाणी रेडिएटरला न जाता बरंचसं आतल्या आत फिरून परत हेडमध्येच येतं, मग गरम होणार नाही तर काय. आणि रिकामी गाडी पावसात चालवतोस तेव्हा इंजिनाला उष्णताच कमी, त्यात थोडं का होईना पाणी सतत रेडिएटरमधून जातंय, मग थंड पडते. कमिन्सच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की थर्मोस्टॅटशिवाय इंजिन चालवू नका, गरम होईल, आणि कारण हेच बायपासचं दिलंय.

आता आकड्याचं. कोरलेला आकडा म्हणजे वॉल उघडायला सुरुवात कधी होते ते. पूर्ण उघडायला त्याच्यावर आणखी दहा-बारा डिग्री लागतात. तुझ्या ५.९ ला ८३ च्या आसपास सुरुवात आणि ९५ ला पूर्ण उघडा, हे त्याचं माप. म्हणजे तुझ्या हातातल्या तिघांत ८२ चा. ७१ चा घेऊन घाटात काडीचा फायदा नाही, कारण घाटात पाणी ९५ ला पोचलं की ७१ चाही पूर्ण उघडा आणि ८२ चाही पूर्ण उघडा, भोक तेवढंच. थर्मोस्टॅट इंजिनाचा तळ ठरवतो, माथा रेडिएटर, पंखा आणि वॉटर बॉडी ठरवतात. ७१ ने तोटा मात्र नक्की, कारण ह्या इंजिनाला ७० च्या खाली चालवू नका असं सांगितलेलं आहे आणि ७१ वाला तुला रिकाम्या गाडीला त्याच उंबरठ्यावर आणून ठेवतो.

झाकणाखालची साय म्हणजे वाफेचं पाणी ऑइलमध्ये मिसळतंय, इंजिन गरमच होत नाही म्हणून ते उडून जात नाही. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पुरतं जळत नाही, तेच पांढरा धूर होऊन बाहेर येतं आणि उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. अ‍ॅव्हरेज तिथे गेलंय तुझं. पण साय बघून थर्मोस्टॅटवरच सगळं ढकलू नकोस, हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) बघून घे आधी. सकाळी थंड गाडीत रेडिएटरची टोपी काढ, गाडी चालू कर, रेस दे, पाण्यात सतत बुडबुडे आले तर गॅस्केट. नाही आले तर बहुतेक सुटलास. आणि ऑइल बदल, ते ऑइल आता कामाचं नाही.

देवगडचो_ड्रायव्हर:
आबांनू राग मानू नका पण आमची जुनी गाडी होती तिका आठ वर्षां थर्मोस्टॅट नाय होतो, देवगड ते वाशी हापूसच्या पेट्या मारल्यो, कशेडी चढली, भोस्ते चढली, कधी उभी रवली नाय. सगळे काढतत. उगाच खर्च कित्याक?

आबा_वर्कशॉप:
राग कसला रे. कुठलं इंजिन होतं ते सांग. काही जुन्या इंजिनांना बायपास अगदी बारीक नळीचा असतो, तिथे थर्मोस्टॅट काढला तर गाडी गरम होत नाही, नुसती थंड पडते, म्हणून लोकांना वाटतं काही बिघडलं नाही. आणि आंबा म्हणजे हलका माल, त्यात रात्रीचा प्रवास, चिऱ्यासारखं दहा टन दुपारच्या उन्हात चढवणं वेगळं. एकच विचारतो, त्या आठ वर्षांत पिस्टनच्या रिंगा किती वेळा टाकल्या?

देवगडचो_ड्रायव्हर:
दोनदा टाकल्यो. दुसऱ्या वेळी बोअरच केलो. ता थर्मोस्टॅटमुळे असात असा कोणी सांगूकच नाय आमका.

मालवण_ट्रॉलर:
त्या ७१ च्या आणि त्याहून कमी आकड्याच्या थर्मोस्टॅटबद्दल थोडं सांगतो, कारण ते आमच्या बाजूच्या दुकानांत का दिसतात ते कळलं तर गोंधळ जाईल. बोटीच्या इंजिनात काही ठिकाणी समुद्राचं खारं पाणी थेट इंजिनातून फिरवतात. खारं पाणी साठ-पासष्टच्या वर गेलं की त्यातला क्षार आत बसायला लागतो, जॅकेटमध्ये थर चढतो, म्हणून तिथे मुद्दाम कमी डिग्रीचा, साठाच्या आतला वगैरे थर्मोस्टॅट टाकतात. तिथे इंजिन थंड चालतं हा तोटा माहीत असूनच पत्करलेला असतो, मीठ बसण्यापेक्षा बरं म्हणून. ज्या बोटींना हीट एक्स्चेंजर आहे, म्हणजे इंजिनात गोडं पाणी किंवा कुलंट आणि समुद्राचं पाणी बाहेरून, त्यांना गाडीसारखाच ८० च्या आसपासचा लागतो. बंदराच्या जवळच्या दुकानात सगळ्या प्रकारचा माल एकाच खोक्यात असतो आणि दुकानदार आकडा बघून कमी तो थंड असं सांगतो. त्याचा वाईट हेतू नसतो, पण ट्रकला ते लागू नाही.

दुसरं म्हणजे रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घालता? किनाऱ्याजवळच्या विहिरी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होतात, तुम्हाला चवीला कळेल न कळेल, पण लोखंडाला कळतं. आमच्या एका बोटीच्या वॉटर बॉडीचा पंखा काढला तेव्हा पात्यांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, फिरत होता पण पाणी ढकलत नव्हता. बाहेरून काही कळत नाही, गळती नाही, आवाज नाही.

कुडाळ_पार्ट्स:
मी स्पेअरचं दुकान चालवतो म्हणून खरेदीचं सांगतो. नुसत्या डिग्रीवर थर्मोस्टॅट घेऊ नका, आकडा तोच असून तीन मापांचे असतात. बाहेरच्या कडेचा व्यास, एकूण उंची आणि खालची बायपासची चकती, हे तिन्ही जुळायला पाहिजे. तुमच्याकडे जुना नाही, तर इंजिनच्या प्लेटवरचा नंबर घेऊन पार्ट नंबर काढून मागा. खालची चकती नसलेला किंवा आखूड उंचीचा टाकला तर तो उघडेल व्यवस्थित पण बायपास बंदच करणार नाही, म्हणजे पैसे देऊन तुम्ही परत आता आहात तिथेच. सोबत रबर सील आणि पॅकिंग नवं घ्या, जुनं परत लावू नका, सील दुमडून बसलं तर तिथूनही पाणी आडवाटेने जातं.

भोकं पाडायचा सल्ला कृपया ऐकू नका. बहुतेकांना कडेला एक बारीक भोक आणि त्यात हलणारी पिन असते, हवा निघून जाण्यासाठी. ती असली तर तेवढंच पुरे, आणि बसवताना ती पिन सगळ्यात वरच्या बाजूला येईल असं बघा, हवा वरच जमते. आणखी दोन भोकं पाडली म्हणजे दार लावून खिडक्या उघड्या ठेवल्या, सकाळी गाडी गरम व्हायला तेवढाच जास्त वेळ.

डुप्लिकेट फार आलेत. मी स्वतः एकदा एका गिऱ्हाइकाला दिलेला परत आला, आकडा बरोबर होता, उघडतही होता, पण पूर्ण उघडल्यावर जेमतेम पाच एमएम. चांगला वॉल आठ-नऊ तरी उचलतो. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला सांगतो, बसवायच्या आधी घरी टोपात उकळून बघ. वॉल सुतळीने टांगायचा, टोपाच्या बुडाला टेकता कामा नये, थर्मामीटरही बुडाला टेकवायचा नाही, पाणी ढवळत राहायचं, आणि आच मंद. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, ११० पर्यंतचा लागतो, शाळांना प्रयोगशाळेचं सामान देणाऱ्या दुकानात मिळतो. तुम्ही लांज्यात आहात, पाणी शंभराच्या आसपास उकळेल, पूर्ण उघडणं दिसेल. आंबोलीत करून बघाल तर पाणी ९८ लाच उकळतं, तरी पुरेल.

आबा_वर्कशॉप:
कुडाळकरांचं सगळं बरोबर. एक राहिलं, थर्मोस्टॅट बसवून घाटातला प्रश्न अर्धा सुटेल, पण मुळात दोन वर्षांपूर्वी काटा का चढत होता, तेव्हा तर थर्मोस्टॅट होता ना? तो अडकलेला असू शकेल, पण चिऱ्याच्या गाडीवर माझा संशय दुसराच आहे. रेडिएटरची जाळी बॅटरी मारून बघ. समोरून नको, पंख्याच्या बाजूने बघ.

आणि घाट कसा चढवतोस? जड गिअरमध्ये बाराशे-तेराशेवर रडत चढवलीस तर पंखा आणि वॉटर बॉडीही तेवढ्याच मंद फिरतात, आणि डिझेल मात्र पुरं पडत असतं. एक गिअर खाली घेऊन अठराशे-दोन हजारवर चढव, आवाज जास्त येतो म्हणून घाबरू नको.

रेडिएटरची टोपी पण बघ. अर्धा बार दाब धरणारी टोपी असेल तर साधं पाणीसुद्धा १११ च्या आसपास उकळतं, तीच टोपी सैल असली तर शंभरलाच उकळून बाहेर. टोपीचं रबर कडक झालं असेल तर नवी टाक, ह्यात विचार करण्यासारखं काही नाही.

चिरेवाला_लांजा:
मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय, सोमवारी गाडी लावली नाही, खाणवाल्याला सांगितलं चार दिवस दुसरी बघ. तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून सांगितलंत तर काय काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

आधी बुडबुडे बघितले, नाहीत. हेड वाचलं. इथे खरंच जीवात जीव आला, कारण हेड उघडायचं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर सगळा हिशोब कोलमडला असता.

मग आबांनी सांगितलं तसं पंख्याच्या बाजूने जाळीत बॅटरी मारली आणि मुलाला दुसऱ्या बाजूला उभा केला, म्हटलं उजेड दिसतो का सांग. मधला वीतभर भाग सोडला तर कुठेच दिसेना. खाणीवर मशीनने चिरा कापतात, ती लाल धूळ पिठासारखी उडते, आणि माझ्या पुढच्या सीलमधून कधीकाळी ऑइल गळायचं त्याचा तवंग जाळीवर बसलेला, दोन्ही मिळून असा लाल गिलावा झालेला की नखाने खरवडला तर ढेकूळ निघालं. समोरून बघताना जाळी स्वच्छ दिसायची, कारण समोरून मी दर आठवड्याला पाणी मारत होतो, ते सगळं आत ढकलत होतो. रेडिएटर खाली काढला, साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवला, मग साध्या पाइपने पंख्याच्या बाजूने पुढे असं धुतलं, प्रेशर वॉशर जवळून मारला नाही, पत्रे दुमडतात. लाल पाणी अर्धा तास चालू होतं, अंगणात ओघळ वाहिला. तिसऱ्यांदा धुतल्यावर मुलगा म्हणाला आता सगळीकडून उजेड दिसतो.

थर्मोस्टॅट दुकानातले तिन्ही परत केले. कुडाळकरांनी सांगितलं तसं इंजिन नंबरवरून ८३ चा मागवला, दोन दिवसांत रत्नागिरीला आला. शेजारी ठेवून बघितला तर दुकानातल्या ८२ वाल्याच्या फोटोत खालची चकतीच लहान होती, तो घेतला असता तर परत तेच. मग टोपात उकळला. बायको म्हणाली भाताचा टोप देणार नाही, म्हणून जुन्या कळशीत केला. थर्मामीटर ८२ वर असताना काही नाही, मी म्हटलं फसलो, आणि ८४ ला मधल्या चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसली. त्या फटीतून बारीक बुडबुडे सुटले. नव्वदला लांबूनही दिसेल एवढी झाली, ९५-९६ ला पूर्ण, आणि खालची चकती तेवढीच खाली सरकलेली. आबा, तुम्ही दरवान म्हणालात ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं, एक दार उघडतं तेव्हाच दुसरं लागतं. मुलाने व्हिडिओ काढलाय.

बसवताना पट्टा आणि ऑल्टरनेटरचं ब्रॅकेट काढावं लागलं, जुनं पॅकिंग पटाशीने नाही तर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं, पिन वर ठेवून बसवला. वॉटर बॉडी पण काढून बघितली, मालवणकरांमुळे. पाती शाबूत आहेत पण गंज आहे. आतून दोनदा साध्या पाण्याने फ्लश करून आता निम्मं कुलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी, अगदी हळू भरलं, मध्ये मध्ये वरचा हौज दाबून हवा काढली. विहिरीचं पाणी बंद. ऑइल आणि फिल्टर बदललं.

काल भरलेली गाडी घेऊन घाट चढलो, दुपारी दोनला, मुद्दाम. साखरप्याला काटा मधल्या रेघेच्या जरा खाली. गायमुखाला मध्यावर. एक गिअर खाली ठेवून चढलो, पंख्याचा आवाज मोठा येत होता पण काटा मध्याच्या वर बोटभरसुद्धा गेला नाही. आंब्याला वर पोचल्यावर गाडी लगेच बंद केली नाही, तीन-चार मिनिटं तशीच चालू ठेवली आणि ओळखीच्या एकाची लेझरवाली टेंपरेचर गन आणली होती ती मारली, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर ९१, खालच्या हौजवर ८३.

येताना रिकामी, पाऊस होता, तरी काटा रेघेवर. आज सकाळी घरातून निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरमध्येच धूर थांबला, आधी पालीपर्यंत असायचा.

अ‍ॅव्हरेजचं एका फेरीवर सांगत नाही, टाकी फुल करून चार फेऱ्या झाल्या की लिहितो. टोपीचं रबर कडक झालंय, नवी अजून मिळाली नाही, तोपर्यंत घाटात सोबत दोन कॅन पाणी आहे.

देवगडचो_ड्रायव्हर:
बरा केलास. आमच्या आताच्या गाडीकय थर्मोस्टॅट नाय. उद्या इंजिनाचो नंबर काढून कुडाळकरांका फोन करतंय, त्या कळशीचो व्हिडिओ हय टाक मगे.

आबा_वर्कशॉप:
९१ आणि ८३, आठचा फरक, रेडिएटर काम करतोय. टोपी मिळेपर्यंत गरम गाडीची टोपी उघडू नकोस, कितीही घाई असली तरी. आणि महिन्यातून एकदा पंख्याच्या बाजूने बॅटरी मारून मुलाला विचारत जा.